साध्य, याप्य आणि असाध्य : आतड्याच्या कर्करोगातील भाकिताचा इतिहास



रोग्याच्या उशाशी बसलेले माणूस डॉक्टरांना दोन प्रश्न विचारते. पहिला, "याला झाले आहे तरी काय?" आणि दुसरा, "यातून हा उठेल ना?" पहिल्या प्रश्नाच्या उत्तराला आपण निदान म्हणतो. दुसऱ्याच्या उत्तराला आपल्या जुन्या वैद्यकात साध्यासाध्यविचार असे नाव आहे. निदानाच्या इतिहासाविषयी आपण पुष्कळ ऐकतो. दुसरा प्रश्न मात्र बहुधा दाराआड, हलक्या आवाजात विचारला जातो आणि त्याचा इतिहासही तसाच दाराआड राहिला आहे. तो इतिहास मोठ्या आतड्याच्या व गुदाशयाच्या कर्करोगाच्या निमित्ताने आपल्यापुढे मांडण्याचे आज योजिले आहे. रक्तातल्या किंवा गाठीतल्या एखाद्या प्रथिनावरून रोग्याचे पुढे काय होईल हे सांगण्याची विद्या कशी उपजली, तिने काय दिले आणि काय देता आले नाही, एवढाच या व्याख्यानाचा विषय आहे.

प्रारंभ करण्यासाठी दूर देशी जाण्याचे कारण नाही. भाकिताचे दोन मोठे प्रसंग आपल्या पुण्यातच घडले आहेत. दोन्ही कर्करोगाचे नव्हते, हे आधीच सांगतो. पण खुणेवरून भाकित करणे म्हणजे काय, हे त्यांवरून जितके स्पष्ट होते तितके कोणत्याही ग्रंथावरून होणार नाही.

पहिला प्रसंग १९२४ सालचा. मार्च १९२२ मध्ये सहा वर्षांची शिक्षा होऊन महात्मा गांधी येरवड्याच्या तुरुंगात आले होते. जानेवारी १९२४ मध्ये त्यांच्या पोटात दुखू लागले, ताप आला, आणि १२ जानेवारीस त्यांना ससून रुग्णालयात हलविण्यात आले. दुखणे होते आंत्रपुच्छाचे, म्हणजे ज्याला आपण सर्वजण अपेंडिक्स म्हणतो त्याचे. ही करंगळीएवढी पिशवी मोठ्या आतड्याच्या आरंभापाशीच लोंबत असते. सर्जन कर्नल मॅडॉक यांच्यापुढे प्रश्न असा होता की, रात्रीच पोट उघडायचे की मुंबईचे डॉक्टर येईपर्यंत थांबायचे? रोगी राजबंदी, काही विपरीत झाले तर साऱ्या देशात संशयाचा आगडोंब उसळणार. आणि निर्णयाला आधार काय? नाडी, ताप, पोटावर दाबून पाहणारा हात आणि आजवरचा अनुभव. थांबणे अधिक धोक्याचे, असा कौल मॅडॉक यांनी दिला. श्रीनिवास शास्त्री व पुण्याचे डॉ. फाटक यांना बोलावून घेण्यात आले, गांधीजींनी संमतीपत्रावर सही केली आणि त्याच रात्री शस्त्रक्रिया झाली. मध्येच विजेचे दिवे गेले, तेव्हा उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे करावे लागले. रोगी वाचला आणि ५ फेब्रुवारीस सरकारने त्याची बिनशर्त सुटका केली.

दुसरा प्रसंग १९४३ सालचा, नगर रस्त्यावरच्या आगाखान राजवाड्यातला. १० फेब्रुवारीस गांधीजींनी एकवीस दिवसांचा उपवास आरंभिला, तेव्हा त्यांचे वय ७३ वर्षांचे होते. डॉ. बिधनचंद्र रॉय, डॉ. गिल्डर, डॉ. सुशीला नय्यर आणि सरकारी डॉक्टर यांच्या सहीची पत्रके रोज बाहेर पडत. मधल्या दिवसांत मळमळीमुळे पाणी पोटात ठरेना आणि युरेमियाची, म्हणजे मूत्रपिंडांनी बाहेर टाकावयाची द्रव्ये रक्तात साचल्याची चिन्हे दिसू लागली. उपवास लवकर सुटला नाही तर प्राण वाचविणे कठीण, असा इशारा पत्रकात आला. सरकारने तर अंत्यविधीचीही तयारी ठेवली होती. पण पाण्यात मोसंबीचा थोडा रस मिसळून दिल्यावर पाणी पोटात ठरू लागले, चिन्हे उतरली आणि ३ मार्चला उपवास यथासांग सुटला.

आता पाहा, डॉक्टरांनी वाचलेली खूण खोटी होती काय? मुळीच नाही. खूण खरी होती. म्हणूनच उपाय झाला, आणि उपाय झाला म्हणून भाकित टळले. ही गोष्ट आपण ध्यानात ठेवावी, अशी माझी विनंती आहे. कारण पुढे जे काही सांगावयाचे आहे ते सारे या एका गोष्टीभोवती फिरते. शरीरातली खूण म्हणजे कपाळावरची रेषा नव्हे. तिच्यामुळे जर काही करता आले तरच तिचे मोल. नाहीतर ती केवळ वाईट बातमी.

आपल्या पूर्वजांना हा भेद ठाऊक नव्हता असे नाही. चरकसंहितेत इंद्रियस्थान या नावाचा बारा अध्यायांचा एक स्वतंत्र विभाग आहे आणि त्याचा विषयच मुळी मरणसूचक चिन्हे हा आहे. त्यांना अरिष्टे म्हणतात. रोग्याचा वर्ण, स्वर, गंध, सावली, स्वप्ने, एवढेच काय, पण वैद्याला बोलवायला आलेल्या दूताची लक्षणेही तेथे पाहिली आहेत. यातले पुष्कळसे आज कोणी मानणार नाही. परंतु त्याच संहितेच्या सूत्रस्थानात रोगांचे चार वर्ग केले आहेत, ते मात्र आजही विचार करण्याजोगे आहेत. सुखसाध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य आणि प्रत्याख्येय. सहज बरा होणारा; कष्टाने बरा होणारा; बरा न होणारा पण पथ्य व औषध यांच्या आधाराने आवरून धरता येणारा; आणि वैद्याने हात जोडावेत असा. यातला 'याप्य' हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. पडू पाहणाऱ्या घराला टेकू द्यावा तसा रोग्याला टेकू देणे, असा त्याचा भाव आहे. ग्रीकांतही हिपोक्रेटिसच्या नावाने भाकितावर ग्रंथ आहे. परंतु 'बरा होणार' आणि 'मरणार' या दोहोंच्या मध्ये एक वर्ग आहे, तो माणसाने जगण्याचा आहे, हे आपल्याकडे स्वच्छ सांगितले गेले होते.

उणीव होती ती एवढीच की, कोणता रोगी कोणत्या वर्गात घालावयाचा, हे ज्याच्या त्याच्या अनुभवावर राहिले. शंभर रोग्यांची नोंद ठेवून, पाच वर्षांनी त्यांचे काय झाले हे मोजून पाहण्याची रीत जगात कोठेच नव्हती. ती रीत आतड्याच्या कर्करोगाला लावणारा मनुष्य म्हणजे लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातले विकृतिशास्त्रज्ञ कथबर्ट ड्यूक्स. गुदाशयाचा कर्करोग समूळ काढण्याची मोठी शस्त्रक्रिया अर्नेस्ट माइल्स यांनी १९०८ सालीच मांडली होती. ड्यूक्स यांनी काढलेल्या आतड्यांची बारकाईने तपासणी केली आणि १९३२ साली तीन वर्ग सांगितले. गाठ आतड्याच्या भिंतीतच आहे तो पहिला वर्ग. भिंत ओलांडून बाहेर गेली तो दुसरा. आणि जवळच्या लसिकाग्रंथींपर्यंत पोहोचली तो तिसरा. पहिल्या वर्गातले बहुतेक रोगी पुढे सुखरूप राहत, तिसऱ्यातले थोडेच. चरकाच्या वर्गांना जणू सूक्ष्मदर्शकाचा आणि गणिताचा आधार मिळाला. आजचे वर्गीकरण पुष्कळ बारीक झाले असले तरी त्याचा पाया हाच आहे.

महाराष्ट्रात हे शास्त्र रुजविले ते डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले, आणि तेथल्या प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे आली. कर्करोगाची गाठ कापून फेकून द्यावयाची नसते, ती वाचावयाची असते, ही शिस्त त्यांनी दोन पिढ्यांना लावली. १९५२ साली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र निघाले त्याचेही ते पहिले संचालक. आपल्या पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या आणि फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेल्या डॉ. कमल रणदिवे या त्यांच्याच शिष्या. शरीराबाहेर काचपात्रात पेशी वाढविण्याची देशातली पहिली प्रयोगशाळा त्यांनी तेथे उभी केली. पुढे १९६३ साली मुंबईत कर्करोग्यांची रीतसर नोंदवही सुरू झाली. भाकित करावयाचे तर आधी गणती हवी, आणि गणती करावयाची तर आधी नोंद हवी. नोंदवही ठेवणारा कारकून वैद्यकाच्या इतिहासात कोणाला दिसत नाही. पण त्याच्यावाचून पुढचे एक पाऊलही पडले नसते.

आता आपण प्रथिनांकडे वळू. ड्यूक्स यांच्या पद्धतीत एक अडचण होती. गाठ कापून हाती आल्यावाचून ती काही बोलत नसे. शस्त्रक्रिया होऊन रोगी घरी गेला. आता आत काही उरले आहे काय, पुन्हा उगवते आहे काय, हे कसे समजावे? आतल्या गाठीने बाहेर काही निरोप धाडला तरच ते शक्य. असा निरोप प्रथम सापडला तो आतड्याच्या नव्हे, तर हाडांच्या मगजाच्या रोगात. १८४५ साली लंडनमध्ये एका रोग्याची लघवी हेन्री बेन्स जोन्स यांच्याकडे तपासणीस आली. तिच्यातले एक प्रथिन तापविताना गोठे, आणि अधिक तापविल्यावर पुन्हा विरघळे. कर्करोगाची खूण म्हणून ओळखले गेलेले हे पहिले प्रथिन. पण त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे आतड्याच्या कर्करोगाचा असा निरोप कोणाच्या हाती लागला नाही.

तो लागला १९६५ साली, कॅनडातील मॉन्ट्रियल शहरी. फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन या दोघांची युक्ती साधी आणि सुंदर होती. त्यांनी एकाच रोग्याच्या आतड्यातला गाठीचा भाग आणि निरोगी भाग असे दोन्ही घेतले. गाठीचा अर्क सशांना टोचला, तेव्हा सशांच्या रक्तात त्यातल्या प्रत्येक परक्या द्रव्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार झाली. मग त्या रक्तजलात निरोगी आतड्याचा अर्क मिसळला. जी प्रतिपिंडे दोहोंत समान असणाऱ्या द्रव्यांवरची होती ती त्यात खर्ची पडली. उरली ती केवळ गाठीतल्या विशेष द्रव्याची. गव्हातले खडे निवडावयाचे तर सगळा गहू बाजूला काढून टाकावा, तशी ही रीत. हे द्रव्य गर्भातल्या बालकाच्या आतड्यातही सापडते, असे दिसून आले. जन्मानंतर जे जवळजवळ बंद पडते ते कर्करोगात पुन्हा जागे होते. म्हणून त्याला कर्क आणि गर्भ या दोहोंची आठवण देणारे लांबलचक नाव पडले. प्रयोगशाळेच्या कागदावर आज आपण ते 'सीईए' असे वाचतो.

हे द्रव्य रक्तात अत्यंत थोडे असते. एक मिलिलिटर रक्तजलात पाच नॅनोग्रॅमच्या खाली असले तर साधारण ठीक समजतात. आणि नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. इतके सूक्ष्म मोजमाप शक्य झाले ते किरणोत्सर्गी द्रव्याची खूणगाठ बांधून प्रथिने मोजण्याच्या पद्धतीमुळे. त्या पद्धतीसाठी रोझलिन यालो या विदुषीस १९७७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९६९ साली गोल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी या रीतीने आतड्याच्या कर्करोगाचे ३६ रोगी तपासले, तेव्हा ३५ जणांच्या रक्तात हे द्रव्य आढळले. आपणच विचार करा, त्या वेळी केवढी आशा पालवली असेल! हातातून चमचाभर रक्त काढावे आणि पोटातला कर्करोग ओळखावा!

ही आशा टिकली नाही. अधिक माणसे तपासली तसे दिसून आले की, विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत हे द्रव्य वाढलेले असते, यकृताच्या व आतड्याच्या इतर विकारांत वाढते, दुसऱ्या अवयवांच्या कर्करोगांतही वाढते. उलट, आतड्यातली गाठ लहान असते, म्हणजे जेव्हा ती सापडणे सर्वांत अगत्याचे असते, तेव्हा ते पुष्कळदा वाढलेलेच नसते. पहिल्या ३६ जणांत रोग पुढे गेलेले पुष्कळ होते. बाजारातल्या, कचेरीतल्या, शाळेतल्या निरोगी दिसणाऱ्या हजारो माणसांचा हिशेब निराळा. म्हणून निरोगी माणसाने केवळ हौसेने सीईए तपासून घेणे व्यर्थ आहे. आकडा कमी आला म्हणून निश्चिंत होण्यात अर्थ नाही, आणि थोडा अधिक आला म्हणून झोप उडवून घेण्यातही नाही.

मग हे प्रथिन निरुपयोगी ठरले काय? तसेही नाही, त्याचे खरे काम पुढे उमगले. शस्त्रक्रियेपूर्वी ते फार वाढलेले असेल तर रोग पसरला असण्याचा संभव अधिक. गाठ पूर्ण निघाली तर चार-सहा आठवड्यांत ते खाली येते. न आले तर आत काही उरले असावे. आणि खाली आलेले प्रथिन महिन्या-महिन्यांनी पुन्हा चढू लागले, तर रोग परततो आहे असा तो निरोप असू शकतो. येथे एकट्या आकड्याला किंमत नाही, चढउताराला आहे. नदीच्या पाण्याची एक दिवसाची उंची पाहून पूर सांगता येत नाही. बंडगार्डनच्या पुलाखाली पाणी कालच्यापेक्षा किती चढले, हे पाहावे लागते.

या पाळतीचा लाभ किती? याविषयी अवास्तव बोलू नये. इंग्लंडात १२०२ रोग्यांवर झालेला एक मोठा प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला. विशेष पाळत न ठेवलेल्या गटात, परतलेला रोग पुन्हा शस्त्रक्रियेने समूळ काढण्याचा प्रयत्न शंभरांत दोघा-तिघांच्याच बाबतीत करता आला. सीईएची पाळत असलेल्या गटात तो सहा-सात जणांच्या बाबतीत करता आला. परंतु एकूण मृत्यूंच्या संख्येत निःसंशय म्हणता येईल असा फरक दिसला नाही. खूण लवकर दिसली, काहींना दुसरी संधीही मिळाली. पण खूण दिसणे म्हणजे आयुष्य वाढणे नव्हे. वैद्यकात ही शिकवण कडू असली तरी मोलाची आहे.

आता पुन्हा त्या १९२४ च्या रात्रीकडे क्षणभर वळू. कर्नल मॅडॉक यांच्याजवळ जी खूण नव्हती ती अवघ्या सहा वर्षांनी सापडली. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तात एक प्रथिन आढळले. न्यूमोनियाच्या जंतूतल्या 'सी' नावाच्या द्रव्याला ते चिकटे, म्हणून त्याचे नाव सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, आपल्या रोजच्या बोलण्यातले 'सीआरपी'. शरीरात कोठेही दाह पेटला की यकृत ते रक्तात सोडते. अपेंडिक्सच्या संशयात आज ते सर्रास तपासतात. आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर तीन-चार दिवसांनीही ते उतरत नसेल, तर आतला सांधा गळतो आहे की काय, ही शंका सर्जनला येते. आणि गंमत अशी की, हेच प्रथिन कर्करोगाच्या भाकितातही साक्ष देते. ग्लासगो येथल्या वैद्यांनी एक सोपी रीत बसविली. एक लिटर रक्तजलात सीआरपी दहा मिलिग्रॅमच्या वर आणि अल्ब्युमिन हे पोषक प्रथिन पस्तीस ग्रॅमच्या खाली असेल, तर रोग्याची वाट खडतर समजावी. यात गाठीचा काही निरोप नाही. निरोप आहे तो यजमानाचा. शत्रू किती मोठा, हे सीईए सुचविते. घरातले धान्य किती उरले आणि आग किती पसरली, हे ही दोन प्रथिने सांगतात.

शेवटची खूण सर्वांत विलक्षण आहे, कारण तेथे प्रथिनाचे नसणे हीच खूण ठरते. १८९५ साली अमेरिकेत मिशिगन प्रांतात विकृतिशास्त्रज्ञ वॉर्थिन यांना एका शिवणकाम करणाऱ्या बाईने सांगितले की, आमच्या घराण्यात पोटाच्या आणि गर्भाशयाच्या कर्करोगाने माणसे जातात, मीही तशीच जाणार. तिचे भाकित दुर्दैवाने खरे ठरले. वॉर्थिन यांनी त्या घराण्याची वंशावळ १९१३ साली प्रसिद्ध केली. १९६६ पासून हेन्री लिंच यांनी हाच धागा पुढे नेला. आणि १९९३-९४ च्या सुमारास मूळ कारण हाती आले. पेशी दुभंगताना तिच्यातल्या वारशाच्या अक्षरांची नक्कल होते, तीत चुका राहतात. त्या चुका दुरुस्त करणारी चार प्रथिने आहेत. जणू छापखान्यातले चार मुद्रितशोधकच. त्यांपैकी एखादे गैरहजर असेल तर चुका साचत जातात आणि गाठ उपजते. काही घराण्यांत ही उणीव वारशाने येते. पुष्कळांत ती गाठीपुरतीच असते.

आज विकृतिशास्त्रज्ञ गाठीच्या पातळ कापाला रंग देऊन ही चार प्रथिने आहेत की नाहीत, हे पाहतात. नसली तर रोग अजून लसिकाग्रंथींपर्यंत न पोहोचलेल्यांचे भाकित सहसा चांगले असते. शिवाय इतक्या चुकांनी भरलेली गाठ शरीराच्या संरक्षकांना परकी म्हणून ओळखता येते. फक्त त्यांच्यावरचा लगाम सोडवावा लागतो. २०२२ साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी अशा गुदाशयाच्या कर्करोगाच्या रोग्यांना लगाम सोडविणारे औषध दिले. उपचार पुरे झालेल्या पहिल्या बाराही जणांची गाठ, शस्त्रक्रियेवाचून आणि किरणांवाचून, तपासणीत दिसेनाशी झाली. बारा हा आकडा लहान आहे, असे रोगीही एकूणात थोडेच असतात, औषधही सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहे. हे सारे खरे. तरीही येथे भाकिताच्या इतिहासाला नवे वळण मिळाले, यात शंका नाही. त्या शिवणकाम करणाऱ्या बाईच्या लेखी जी खूण मरणाची होती, तीच सव्वाशे वर्षांनी उपायाची वाट दाखवू लागली. असाध्याच्या वर्गातले काही रोगी साध्याच्या वर्गात येऊन बसले.

श्रोतेहो, या इतिहासातून आपण घरी काय न्यावे? आपल्या देशात हा रोग पाश्चात्य देशांपेक्षा कमी आढळतो. परंतु आपल्याकडचे रोगी उशिरा येतात, आणि त्यांत तरुणही पुष्कळ असतात. उशिराचे एक कारण आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. शौचावाटे रक्त पडले की आपण मूळव्याध म्हणून मोकळे होतो, लाज वाटते म्हणून घरातही बोलत नाही, आणि कोणी सुचविलेल्या चूर्णावर सहा महिने काढतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनचा आपण लहानपणापासून पाठ घेतला आहे, तेही प्रथिनच. शौचातल्या न दिसणाऱ्या रक्तासाठी जी साधी चाचणी असते ती त्याच प्रथिनाचा शोध घेते. आणि रक्त डोळ्यांनी दिसत असेल, शौचाची रीत आठवडेच्या आठवडे बदललेली असेल, कारणावाचून वजन किंवा रक्त उतरत असेल, तर चाचणीचीही वाट पाहू नये. डॉक्टरांकडून दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी. ड्यूक्स यांचा पहिला वर्ग आणि तिसरा वर्ग यांमध्ये जे अंतर आहे ते बहुधा अशा गमावलेल्या महिन्यांचेच असते.

दुसरी गोष्ट रिपोर्ट हाती आल्यानंतरची. आकडा वाचून "आता किती दिवस?" असे विचारणे स्वाभाविक आहे, पण त्या प्रश्नाला कोणतेही प्रथिन उत्तर देत नाही. प्रथिन सांगते ते शंभर माणसांविषयी. आणि आपले माणूस शंभरांतले कितवे, हे त्या कागदावर लिहिलेले नसते. म्हणून डॉक्टरांना निराळा प्रश्न विचारावा, "या आकड्यामुळे आपण आता काय करायचे?" त्याला उत्तर असेल तर ती खूण कामाची. आणि हे बोलणे रोग्याच्या पाठीमागे दाराआड करण्यापेक्षा, त्याची इच्छा असेल तर, त्याच्यासमोर करावे. १९२४ साली ससूनमध्ये संमतीपत्रावर सही करणारा हात रोग्याचाच होता. बरे न होणारे दुखणे असले तरी याप्य नावाचा वर्ग आपल्या पूर्वजांनी करून ठेवला आहे. त्या वर्गातले दिवस वेदनेवाचून, आपल्या माणसांत आणि जाणतेपणी जावेत, एवढे तर कोणत्याही खुणेची वाट न पाहता आपल्या हाती आहे.